हाकेच्या अंतरावर

ओब्दुलियाचा गुडघा गेला त्या ऑक्टोबरात
तिनं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.
समारंभ नाही, टाळ्या नाहीत.
एवढंच म्हणाली, "वाऱ्यात ही ऐकू जात नाही.
तुलाच ओरडावं लागेल."

गॅलिसियाच्या या टोकाला समुद्र जिथं सर्वांत जास्त कोसळतो,
नेमके तिथंच धरून बसतात पर्सेबेस,
बोटाएवढे, काळ्या कातडीचे, टोकाला नख असलेले,
माद्रिदच्या हॉटेलांत सोन्याच्या भावानं जाणारे.
ओहोटीचे दोन तास. सात बायका.
कमरेला दोर, हातात लोखंडी पट्टी,
तोंड खडकाकडे.
आणि वर कपारीवर मी,
रिकाम्या हातांची,
समुद्राच्या डोळ्याला डोळा लावून.

पहिल्याच आठवड्यात ओरडले, "आला!"
सातही जणी गुडघे सोलत वर आल्या.
लाट आली ती मांजरीसारखी,
खडक चाटून निघून गेली.
एर्मितास हसली.
बाकीच्या हसल्या नाहीत, ते जास्त लागलं.
संध्याकाळी लिलावात प्रत्येकीची टोपली
दीड किलोनं हलकी.
कुणी बोललं नाही. तराजू बोलला.

म्हणून पुढच्या वेळी थांबले.
म्हटलं, आधी खात्री करून घेऊ.
खात्री झाली तोवर समुद्र
इरियाच्या खांद्यावरून जाऊन
परतही फिरला होता.

हॉस्पिटलच्या जिन्यात ओब्दुलिया भेटली, काठी टेकत.
शिट्टी परत द्यायला मी हात पुढे केला,
तिनं त्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.
"एकवीस वर्षं," ती म्हणाली,
"रोज पहाटे गाडीमागे जाऊन ओकायचे मी.
तुम्हाला वाटायचं, बाई टायर तपासतेय."
दोन पायऱ्या उतरली. मग मागे न बघता:
"फुकट दिलेली हाक विसरतात गं.
न दिलेली नाही विसरत."

फोड खाल्ली. आंबट होती.

दुसऱ्या दिवशी अंधारात, गाडीच्या दिव्यासमोर,
मी सगळ्यांना सांगितलं, चूक माझी.
यापुढे शंका आली तरी ओरडेन,
किलो कमी भरले तर माझ्या हिश्श्यातून कापा.
दोन भुवयांमधला घाम पुसला नाही, दिसू दिला.
एर्मितास बूट चढवत पुटपुटली,
"ओरड की. त्यासाठीच तर तुला वर ठेवलीय."
हिश्श्याचं काय, ते मात्र कुणी बोललं नाही.
पुढे दोनदा कापला त्यांनी. बरोबरच केलं.

तरी फेब्रुवारीभर त्या वर बघत राहिल्या.
पट्टीचा एक घाव, एक नजर माझ्याकडे.
एक घाव, एक नजर.
निम्मी ओहोटी अशीच माझ्या चेहऱ्यावर खर्च व्हायची.
मी चेहरा दगडी ठेवायला शिकले,
पोटातलं पोटात.
अवसान माझं उसनंच;
पहाटे आणायचं, भरतीला फेडायचं,
उद्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

मग मार्चात इरिया परतली.
एक खांदा अजून थोडा चढा.
दोर बांधला, उतरली,
थेट त्याच भेगेत जाऊन वाकली
आणि एकदाही वर पाहिलं नाही.
तिच्या शेजारणीनं पाहिलं, तिच्याकडे.
मग तीही वाकली.

आज समुद्राला दिसतायत सात पाठी
आणि मला सात टोप्या.
वर बघणारी एकही नाही.
कधी वाटतं, निदान एकीनं तरी बघावं,
जरा वाटून घ्यावं हे.

लांब, पाण्याच्या तिसऱ्या घडीत
काहीतरी काळं होतंय.
ढगाची सावली असेल.
नसेलही.
मोजत नाही,
छाती भरून घेते –